आत्म्यांची पारख

मनात उठणाऱ्या विचारांपैकी व ओढींपैकी कोणत्या ईश्वराकडून आल्या आणि कोणत्या त्याच्यापासून दूर नेणाऱ्या, हे ओळखून निर्णय घेण्याची ख्रिस्ती साधना. प्रत्येक आत्म्यावर विश्वास न ठेवता त्याची परीक्षा करा, असे योहानाच्या पहिल्या पत्रातच (4:1) सांगितले आहे, आणि इजिप्तच्या वाळवंटातील तपस्वी चौथ्या शतकात हीच पारख शिकवत. मात्र तिचे रेखीव नियम केले ते स्पेनमधील बास्क सरदार घराण्यातल्या इग्नेशियस लोयोला (1491–1556) याने.

1521 च्या मे महिन्यात पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला. अंथरुणावर पडल्यापडल्या त्याने वाचायला शौर्यकथा मागितल्या; घरात सापडले ते ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे. मग एका थोर स्त्रीसाठी गाजवायचे पराक्रम आणि फ्रान्सिस, डॉमिनिक या संतांसारखे खडतर जीवन, अशी दोन्ही स्वप्ने तो तासन्‌तास रंगवू लागला. रंगवताना दोन्ही गोडच वाटत. पण पहिल्यानंतर मन कोरडे पडे, दुसऱ्यानंतर प्रसन्न राही. या एका निरीक्षणावर पुढची सगळी पद्धत उभी आहे.

ती लगेच हाती आली नाही. माँटसेराट या स्पेनमधील मठाच्या वाटेवर येशूची आई मरिया हिच्या कौमार्यावरून एका मूर (मुस्लिम) प्रवाशाशी त्याचे बोलणे झाले. तो मूर पुढे निघून गेल्यावर, मरियेचा मान राखण्यासाठी त्याला गाठून खंजीर खुपसावा की सोडून द्यावे, हे इग्नेशियसला ठरवता येईना. शेवटी फाट्यावर त्याने खेचराचा लगाम सैल सोडला. खेचर गावाकडे न वळता हमरस्त्याने गेले आणि तो मूर वाचला. हा प्रसंग त्याने उतारवयात स्वतःच्या आठवणींत सांगितला आहे. असा कौल लावण्याला त्याच्या नंतरच्या नियमांत कुठेच जागा नाही.

स्पेनमधीलच मानरेसा या गावातील वास्तव्यात (1522–23) तो आणखी सावध झाला. रात्री झोपायच्या वेळी त्याला मोठमोठे आध्यात्मिक साक्षात्कार होऊ लागले आणि आधीच थोडी असलेली झोप उडू लागली. त्याने विचार केला, की प्रार्थनेला दिवसाचे इतके तास दिलेच आहेत, तेव्हा हे साक्षात्कार चांगल्या ठिकाणाहून येत नसावेत. आणि तो झोपू लागला. या परंपरेतली सर्वांत शहाणी गोष्ट कदाचित हीच असावी.

‘आध्यात्मिक साधना’ या त्याच्या पुस्तिकेत पारखेचे नियम दोन गटांत आहेत, पहिल्यात 14 आणि दुसऱ्यात 8. श्रद्धा, आशा, प्रेम वाढवणारी अवस्था म्हणजे सांत्वन आणि मन काळवंडवणारी ती शुष्कता. शुष्कतेच्या काळात आधी केलेला निश्चय बदलू नये, हा सर्वांत जास्त उपयोगी पडणारा नियम. दुसरा गट अधिक सूक्ष्म आहे. पुढे गेलेल्या साधकाला मोह वाईट रूपात येत नाही, सत्कृत्याचे रूप घेऊन येतो. म्हणून विचाराचा आरंभ, मध्य आणि शेवट तिन्ही तपासायचे. निवड मात्र चांगल्या किंवा तटस्थ गोष्टींमध्येच करायची असते. पाप करू की नको, हा प्रश्न इथे येतच नाही, आणि झालेला विवाह मोडू का, हाही नाही. मनात कसलीच हालचाल नसेल तेव्हा बुद्धी वापरावी: हाच पेच घेऊन एखादा अनोळखी माणूस आला तर त्याला काय सांगू? मृत्युशय्येवर आपण काय निवडले असते असे वाटेल?

ईश्वर थेट अंतःकरणाशी बोलतो म्हटल्यावर धर्मसत्तेला संशय येणारच. अल्काला आणि सालामांका या स्पेनमधील शहरांत इग्नेशियसची चौकशी झाली, त्याला कोठडीतही राहावे लागले. पुस्तिकेला पोप तिसरा पॉल याची मान्यता मिळाली ती 1548 मध्ये. त्याआधीच पॅरिसमध्ये त्याच्या मार्गदर्शनाखाली ही साधना केलेला फ्रान्सिस झेवियर 1542 मध्ये गोव्यात उतरला होता.

संपूर्ण साधना सुमारे 30 दिवसांची आहे. कामधंदा सोडता न येणाऱ्यांनी ती घरी राहून रोज दीड तास करावी, अशी सोय मूळ पुस्तिकेतच आहे. शिवाय दुपारी आणि रात्री दिवसाची उजळणी करायची असते, आणि तिची सुरुवात आभार मानण्याने होते. साधना देणाऱ्याने, म्हणजे मार्गदर्शकाने, तराजूच्या काट्यासारखे मध्ये राहावे, साधकाला कोणत्याही निवडीकडे ढकलू नये, असे इग्नेशियसने बजावले आहे. ‘तू काय करावेस ते देवाने मला सांगितले आहे’ असे दुसऱ्याला सांगणारा उपदेशक या कसोटीला उतरत नाही.