दुबळ्या पानांवर पैसे का लावायचे?

पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये संमत केला. खेळ कौशल्याचा आहे की नशिबाचा, हा भेद त्या कायद्याने बाजूला ठेवला. गणिताला मात्र तो बाजूला ठेवता येत नाही. पोकर या पत्त्यांच्या खेळाबद्दल बोलताना बहुतेकांच्या मनात एक समजूत पक्की असते: चांगली पाने आली की पैसे लावायचे, वाईट आली की टाकून द्यायची, आणि बाकी सारे नशीब. यातला पहिला भाग बरोबर आहे. दुसरा भाग का चुकतो, याचे उत्तर मला खेळांच्या गणितातील सर्वांत सुंदर युक्तिवादांपैकी एक वाटते.

टेक्सास होल्डम या प्रकारात प्रत्येकाला दोन झाकली पाने मिळतात आणि नंतर टेबलावर पाच सामाईक पाने उघडली जातात. 52 पानांतून दोन पाने 1,326 प्रकारे येऊ शकतात. त्यांपैकी एक्क्यांची जोडी सहा प्रकारे बनते, म्हणजे सरासरी 221 डावांत एकदा. कोणतीही पाने घेऊन बसलेल्या एका प्रतिस्पर्ध्यासमोर ही जोडी सुमारे 85 टक्के वेळा जिंकते. पण असे नऊ जण शेवटपर्यंत टिकले, तर हेच प्रमाण 31 टक्क्यांच्या आसपास येते. म्हणून बलवान पाने असतील तर सुरुवातीलाच रक्कम वाढवून गर्दी कमी करावी लागते. दुसऱ्या टोकाला वेगवेगळ्या रंगांची (एक इस्पिकचे, दुसरे बदामचे अशी) सत्ती-दुर्री आहे, पण तीही एक्का-राजासमोर साधारण तीन डावांत एकदा जिंकून जाते.

अशा अधूनमधूनच्या विजयांतूनच ‘लाभणाऱ्या पानांच्या’ श्रद्धा जन्माला येतात. पोकरपटू डॉयल ब्रन्सन यांनी 1976 आणि 1977 या लागोपाठ दोन वर्षी पोकरच्या जागतिक मालिकेची मुख्य स्पर्धा जिंकली, आणि दोन्ही वेळा अखेरच्या डावात त्यांच्याकडे दश्शी-दुर्री होती. ती पाने आजही त्यांच्याच नावाने ओळखली जातात, पण म्हणून त्यांचे बळ तसूभरही वाढलेले नाही. पिसलेल्या पत्त्यांना मागचा डाव आठवत नसतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी अर्थतज्ज्ञ ऑस्कर मॉर्गनस्टर्न यांच्यासह 1944 मध्ये प्रसिद्ध केलेल्या खेळ-सिद्धांतावरील ग्रंथात पोकरचे अगदी साधे प्रतिरूप मांडले होते. त्याच धर्तीचा एक खेळ चिठ्ठ्यांनी रचून पाहू. 1 ते 900 आकड्यांच्या चिठ्ठ्यांतून आपण एक उचलली, समोरच्याने एक उचलली. मध्ये पॉटमध्ये, म्हणजे जिंकणाऱ्याला मिळणाऱ्या रकमेत, 100 रुपये आहेत. आपण एक तर काहीही न लावता चिठ्ठ्या उघडायच्या, किंवा आणखी 100 रुपये लावायचे. आपण लावले, तर समोरच्याने तेवढेच लावून चिठ्ठी दाखवायची (याला कॉल म्हणतात) किंवा डाव सोडून द्यायचा. मोठा आकडा जिंकतो.

या खेळाचे गणित सोडवले की जवळजवळ असे उत्तर मिळते: 700 च्या वर आकडा असेल तर पैसे लावा, 100 ते 700 असेल तर शांतपणे चिठ्ठी उघडा, आणि 100 च्या खाली असेल तर पुन्हा पैसे लावा. समोरच्याने 500 च्या वर आकडा असेल तरच कॉल करावा. म्हणजे ब्लफ करायचा, बळ नसताना असल्याचा आव आणून पैसे लावायचे, ते मध्यम चिठ्ठीवर नव्हे, सर्वांत वाईट चिठ्ठीवर.

हे पडताळून पाहता येते. आपल्याकडे 400 आहे असे समजा. पैसे लावले, तर 500 च्या खालचे सगळे डाव सोडतील आणि वरचे सगळे कॉल करून आपल्याला हरवतील. 900 पैकी 500 वेळा 100 रुपये मिळाले आणि 400 वेळा 100 गेले, म्हणजे सरासरी सुमारे 11 रुपये पदरात पडले. काहीच न लावता चिठ्ठी उघडली असती, तर 900 पैकी 400 वेळा पॉट आपलाच होता; सरासरी 44 रुपये. आता हातात 50 आहे असे धरा. लावण्याचे फळ तेच, 11 रुपये. पण नुसती चिठ्ठी उघडली तर जेमतेम साडेपाच. मध्यम चिठ्ठीला स्वतःची किंमत असते आणि ब्लफ केल्याने ती वाया जाते. वाईट चिठ्ठीकडे वाया जाण्यासारखे काही नसतेच.

दुसरी बाजू याहून मोहक आहे. समोरच्याकडे 600 आहे आणि आपण पैसे लावले आहेत. त्याला ठाऊक आहे की आपण 100 चिठ्ठ्यांवर ब्लफ करतो आणि 200 चिठ्ठ्यांवर खरेच बलवान असतो. त्याने कॉल केला, तर तीनांतून एकदा त्याला 200 रुपये मिळतील आणि दोनदा 100-100 जातील. बेरीज शून्य. कॉल करो वा सोडो, त्याला काहीच फरक पडत नाही. आणि त्याला असे अधांतरी ठेवण्यासाठी दोन बलवान चिठ्ठ्यांमागे एक ब्लफ हेच प्रमाण लागते. ब्लफ कमी केला तर तो नेहमी डाव सोडेल आणि आपल्या 850 ला पॉटपलीकडे काही मिळणार नाही.

मग होल्डममध्ये सत्ती-दुर्रीवर ब्लफ करावा का? नाही, कारण चिठ्ठ्यांच्या खेळात निकाल लगेच लागतो, इथे मात्र पाच पाने उघडायची असतात. ब्लफला कॉल मिळालाच, तर पुढे सुधारण्याची थोडी आशा असलेली पाने हवीत. समोरच्याने रक्कम वाढवल्यावर आपण ती पुन्हा वाढवायची असेल, तर बलवान जोड्यांसोबत अनुभवी खेळाडू ब्लफसाठी अनेकदा एकाच रंगाची एक्का-पंजी निवडतात. कारण मोजता येते. आपल्या हातात एक एक्का असल्यामुळे समोरच्याकडे एक्क्यांची जोडी असण्याचे सहा प्रकार तीनवर येतात आणि एक्का-राजाचे सोळा प्रकार बारावर. म्हणजे ज्या पानांची भीती, तीच कमी होतात. शिवाय पुढे एकाच रंगाची पाच पाने किंवा पाच पानांचा क्रम जमण्याची शक्यता उरते. अठ्ठीच्या जोडीसारख्या मध्यम पानांनी नुसता कॉल करावा, कारण तिसरी अठ्ठी पहिल्या तीन सामाईक पानांत येण्याची शक्यता सुमारे 12 टक्के असते आणि ती पाहण्याची संधी ब्लफमध्ये दवडायची नसते.

एकाच रंगाची एक्का-पंजी चारच प्रकारे येते, वेगवेगळ्या रंगांची बारा प्रकारे. फक्त पहिल्या चारांवर ब्लफ करायचे आधीच ठरवले, की प्रमाण आपोआप आवाक्यात राहते; नाणे उडवावे लागत नाही. ब्लफ करायचा की नाही हे त्या डावापुरते इस्पिकच्या एक्क्यासोबत आलेली इस्पिकची पंजी ठरवते, खेळाडूची लहर नव्हे.