साच्यांवरून स्पॅनिश शिकणे

साच्यांवरून स्पॅनिश शिकणे : सुटे शब्द आणि क्रियापदांचे तक्ते घोकण्यावर भर न देता, भाषेत पुन्हापुन्हा येणाऱ्या रचना हेरून त्यांवर नवी वाक्ये बेतण्याची पद्धत. स्पॅनिश २० देशांची राजभाषा आहे.

नागपूरचा विद्यार्थी घरी मराठी, बाजारात हिंदी आणि वर्गात इंग्रजी वापरतो. शब्दसंग्रहासाठी इंग्रजी कामी येते : ‘नेशन’चे ‘नासिओन’, ‘इन्फर्मेशन’चे ‘इन्फोर्मासिओन’. अशी नामे स्त्रीलिंगी असतात, हेही एकदाच लक्षात ठेवले की पुरते. वाक्यरचनेत मात्र मराठीच अधिक जवळची, आणि शिकवताना नेमकी तीच बाजूला राहते.

‘मला संत्रं आवडतं’ म्हणजे ‘मे गुस्ता ला मांदारिना’. ‘मला संत्री आवडतात’ म्हणजे ‘मे गुस्तान लास मांदारिनास’. क्रियापद आवडणाऱ्या माणसाप्रमाणे नव्हे, तर आवडलेल्या वस्तूप्रमाणे बदलते. इंग्रजीतून येणारा इथे अडखळतो; मराठी माणूस हे लहानपणापासून बोलत आला आहे. तसेच ‘घर पाहतो’ पण ‘मारियाला पाहतो’ : स्पॅनिशमध्ये ‘वेओ ला कासा’, पण ‘वेओ आ मारिया’. माणसाआधी येणारा हा ‘आ’ आपल्या ‘ला’चेच काम करतो. ‘तू बोलतोस’ला ‘तू आब्लास’ म्हणतात; सर्वनाम तेच, शेवटचा ‘स’ही तोच, आणि सर्वनाम गाळले तरी दोन्हीकडे अर्थ कळतो.

‘दोर्मिर’ (झोपणे) याचे ‘दुएर्मो’ (मी झोपतो) होते, पण ‘दोर्मिमोस’मध्ये (आम्ही झोपतो) मूळ स्वर परततो, कारण आघात (उच्चारातला जोर) पुढे सरकतो. ‘फूल’चे ‘फुलाला’ करताना ऊ ऱ्हस्व होतो. कारण वेगळे असले तरी प्रत्ययाबरोबर मूळ स्वर हलणे मराठी कानाला नवे नाही.

साचा फसवतोही. ‘घोडा’, ‘आंबा’ यांच्या सवयीने आकारान्त नाम पुल्लिंगी वाटते. स्पॅनिशमध्ये ते बहुधा स्त्रीलिंगी असते, आणि त्यातही ‘मापा’ (नकाशा), ‘प्रोब्लेमा’ पुल्लिंगी निघतात. ‘नारांखा’ हा शब्द संस्कृत ‘नारंग’पासून फारसी आणि अरबीमार्गे स्पेनला पोहोचला, ‘नारिंगी’चा तो नातलग. त्यामुळे नागपुरी संत्र्यासाठी तोच ओठावर येतो. पण आपले संत्रे मँडरिन गटातले, म्हणून स्पॅनिशमध्ये ते ‘मांदारिना’; ‘नारांखा’ म्हटले की ऐकणाऱ्याला मोसंबीच्या जातकुळीतले फळ आठवते.