घराच्या बाह्यपृष्ठांची स्वच्छता (सोलापूर परिसर)

घराच्या बाहेरील भिंती, पायऱ्या, अंगणातील फरशी, छत आणि दारे-खिडक्या यांवर बसलेली धूळ, शेवाळ, क्षार व काजळी काढण्याचे काम. बांधकामाला, काम करणाऱ्याला किंवा शेजारच्याला इजा न होता ते पार पडले, तर पद्धत सुरक्षित म्हणता येते. पृष्ठभाग कशाचा आहे आणि त्यावरचा मळ कशाचा आहे, हे दोन प्रश्न सुटल्यावरच पद्धत ठरवावी. सोलापुरात एकाच घराला काळ्या दगडाचे जोते, शहाबादी पायऱ्या, सिमेंटचा गिलावा आणि मागच्या बाजूला पत्र्याची शेड असू शकते. त्यामुळे सगळीकडे एकच द्रव ओतून घासण्याची सवय इथे विशेष नुकसान करते.

सोलापूरचे हवामान उष्ण व कोरडे आहे. उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर जाते, आणि वर्षातला बराच काळ भिंतीवरचा मळ म्हणजे नुसती कोरडी धूळ असते. तिच्यावर आधी पाणी मारले की तिचा चिखल होऊन तो गिलाव्याच्या खाचांत बसतो. म्हणून खराट्याने किंवा लांब दांड्याच्या मऊ कुंच्याने वरून खाली झाडून घेणे ही पहिली पायरी होय. पुष्कळदा तेवढ्याने काम भागते. शहराला उजनी धरणातून येणारे नळाचे पाणी काही दिवसांच्या अंतराने मिळते, हे ध्यानात घेतले तर कोरड्या झाडणीचे महत्त्व आणखी पटते. बोअरचे पाणी बहुधा जड असते. ते काचेवर व काळ्या दगडावर वाळले की पांढरे डाग उरतात, म्हणून धुतल्यावर असे पृष्ठभाग फडक्याने टिपून घ्यावेत.

सर्वांत जास्त हानी होते ती अ‍ॅसिडने. संडास-बाथरूमसाठी आणलेली बाटली पायऱ्यांवर ओतली की फेस येतो आणि फरशी उजळल्यासारखी दिसते. शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबादच्या नावाने ओळखली जाणारी ही फरशी चुनखडकाची, म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटची असते. हायड्रोक्लोरिक आम्लाशी तिची अभिक्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि दगड कॅल्शियम क्लोराइडच्या रूपाने पाण्यात विरघळून वाहून जातो. दिसणारा फेस मळाचा नसतो, विरघळणाऱ्या फरशीचा असतो. वरची गुळगुळीत पातळी गेली की खरखरीत झालेला दगड पूर्वीपेक्षा अधिक मळ धरतो, मग पुढच्या सणाला पुन्हा अ‍ॅसिड येते. भिंतीत वा स्लॅबमध्ये मुरलेले क्लोराइड लोखंडी सळ्यांना गंज चढवते, सळई फुगते आणि सज्जाचा गिलावा सुटून पडू लागतो. शंका असेल तर आडोशाच्या कोपऱ्यात लिंबाच्या रसाचे दोन थेंब टाकून पाहावे. बारीक बुडबुडे आले तर त्या पृष्ठभागावर अ‍ॅसिड, व्हिनेगर, लिंबू यांपैकी काहीही वापरू नये. शहाबादीसाठी कोमट पाणी, सौम्य साबण आणि काथ्याचा किंवा नायलॉनचा ब्रश पुरतो.

काळा दगड म्हणजे बेसॉल्ट. तो स्वतः बराच टणक असतो, पण जुन्या वाड्यांतील दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, चुन्याच्या असतात, आणि अ‍ॅसिड किंवा जोराचा झोत आधी त्याच खातो. घरगुती प्रेशर मशीनचा दाब साधारण १०० ते १५० बार असतो, बागेच्या पाइपाचा जेमतेम दोन-चार बार. एवढ्या दाबाचे पाणी दर्जेतील चुना उकरते, भेगांतून आत शिरते आणि खिडकीच्या फटींतून खोलीत येते. मात्र हे यंत्र सरसकट वाईट ठरवणे योग्य नाही. मिनिटाला सहा-आठ लिटर पाण्यात ते काँक्रीटचे अंगण किंवा पेव्हर ब्लॉक उत्तम धुते, आणि पाणीटंचाईच्या गावात ही मोठीच जमेची बाजू आहे. पंख्यासारखा पसरट झोत देणारी नोझल लावून, अंतर राखून, तिरका झोत धरावा. टोकदार झोत घराच्या भिंतीवर वापरू नये.

रंगवलेल्या भिंतीवर आधी तळहात फिरवावा. हाताला पांढरी पूड लागली तर रंगाचा बंध संपला आहे. अशी भिंत जोराने धुतली की रंगच उतरेल, तिला नव्या रंगाची गरज आहे. जुन्या लाकडी दारांवरील ऑइलपेंट कोरडा घासू नये. भारतात घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा ९० पीपीएम ठरवणारा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाच्या धुळीत शिसे असू शकते, आणि लहान मुलांच्या मेंदूला ते घातक ठरते. पॉलिश पेपर ओला करून घासावे व चिखल कागदावर गोळा करावा.

सोलापुरात सप्टेंबर हा भरपूर पावसाचा महिना, आणि घटस्थापनेआधीची घराची धुलाई त्याच्याच आसपास येते. उत्तरेकडच्या भिंतीवर आणि टाकीच्या ओव्हरफ्लोखाली तेव्हा शेवाळ व काळे पट्टे दिसतात. हे जीव आहेत, नुसते खरवडले तर पुन्हा वाढतात. चार ते पाच टक्के सोडियम हायपोक्लोराइट असलेले द्रव ब्लीच एकास चार भाग पाण्यात मिसळून लावावे, दहा मिनिटांनी घासून धुवावे. तापलेल्या भिंतीवर ते काम करण्याआधीच वाळते, म्हणून सकाळ लवकर किंवा ऊन उतरल्यावरची वेळ निवडावी. तुळस व इतर झाडे आधी साध्या पाण्याने भिजवून झाकावीत. आणि मूळ कारण, म्हणजे गळणारी टाकी, दुरुस्त केल्याशिवाय शेवाळ जाणार नाही.

ब्लीच आणि अ‍ॅसिड एकत्र आले की क्लोरीन वायू तयार होतो. तो हवेपेक्षा जड असल्याने दोन घरांमधल्या अरुंद बोळात साचतो आणि श्वास कोंडतो. एकाच बादलीत, किंवा एकामागोमाग एक, ही दोन्ही कधीही वापरू नयेत. अमोनियायुक्त काचसफाई द्रवही ब्लीचजवळ आणू नये.

भिंतीला लोणा, म्हणजे ओलीमुळे वर येणारा पांढरा क्षार, लागला असेल तर पाणी त्याला वाढवतेच, कारण क्षार पाण्यात विरघळून पुन्हा पृष्ठभागावर येतात. तो कोरड्या ब्रशने झाडून पूड उचलून टाकावी आणि ओल कुठून येते ते शोधावे. माळवदाच्या घरांची मातीची भिंत व पांढऱ्या मातीचे छत तर धुण्याची वस्तूच नाही. तिथे झाडणे आणि पावसाळ्यापूर्वी नव्या मातीने दुरुस्ती करणे हाच उपाय.

यंत्रमागाच्या शेडवर आणि जुन्या घरांवर दिसणाऱ्या सिमेंटच्या पत्र्यांबाबत अधिक सावध राहावे. त्यांत बहुधा अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असतात. घासल्याने किंवा प्रेशर मशीनने ते सुटून हवेत मिसळतात, आणि फुप्फुसात गेलेल्या तंतूंमुळे वर्षानुवर्षांनी कर्करोगासह गंभीर आजार होतात. या पत्र्यांवरील शेवाळ तसेच राहू द्यावे. शिवाय हे पत्रे ठिसूळ असतात, त्यांवर चढणे जिवावर बेतू शकते.

उंचीवरच्या कामासाठी शिडीचा पाया भिंतीपासून उंचीच्या एक चतुर्थांश अंतरावर टेकवावा आणि खाली एक माणूस धरायला असावा. बाहेरचे दिवे, मीटरपेटी व कूलरचे प्लग यांचा प्रवाह आधी बंद करावा. डोळ्यांना चष्मा, हातात रबरी मोजे आणि पायात न घसरणारी पादत्राणे हवीत, मजुराला ती घरमालकाने पुरवावीत. छतावरचे पाणी बोअर पुनर्भरणाच्या नळीत जात असेल तर धुण्यापूर्वी ती नळी बंद करावी आणि धुण्याचे पहिले पाणी गटारात सोडावे.