घोरणाऱ्याची पहिली रात्र

गुडघा बदलल्यानंतरच्या पहिल्या रात्री पेशंटजवळ बसलेली मंडळी समाधानाने म्हणतात, "बाबा छान घोरतायत, म्हणजे दुखत नसावं." भूलतज्ज्ञाचे कान मात्र नेमके याच वाक्याला टवकारतात.

कमरेतून भूल देताना त्याच सुईतून थोडं मॉर्फिन हे वेदनाशामकही सोडतात. थोडं म्हणजे किती? स्नायूत टोचायचं तर 10 मिलिग्रॅमच्या आसपास लागतं. मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात 0.1 ते 0.2 मिलिग्रॅम पुरतं. कारण वेदनेचा निरोप वर जातो तिथेच ते त्याला अडवतं. पायांची ताकद ते घेत नाही. भूल उतरली तरी वेदना दिवसभर दबलेली राहते.

गोम अशी, की मॉर्फिनला पाणी मानवतं, चरबी नाही. त्याच जातीचं फेंटानिल हे औषध चरबीत विरघळून आसपासच्या पेशींत झटकन शिरतं आणि लवकर संपतं. मॉर्फिन त्या पाण्यात रेंगाळतं आणि हळूहळू मेंदूकडे चढतं. तिथल्या श्वसनकेंद्रापर्यंत पोचलं तर श्वास मंदावतो, तोही साधारण 6 ते 18 तासांनी. सकाळी 10 ला सुई टोचली असेल, तर धोक्याची वेळ संध्याकाळी 4 पासून पहाटे 4 पर्यंत. तोवर ऑपरेशन करणारे घरी जेवून झोपलेले असतात!

आता स्लीप अॅप्निया, म्हणजे घोरण्यामागे अनेकदा लपलेला आजार. झोपेत घसा मिटतो, श्वास थांबतो, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो. मग मेंदू दचकून जागा होतो आणि माणूस फुर्रकन श्वास घेतो. रात्रीतून कित्येकदा. मॉर्फिन हे दचकणंच बोथट करतं. नाकाला ऑक्सिजन लावलेला असेल तर बोटावरच्या चिमट्याचा, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचा, आकडाही बराच वेळ चांगला दिसत राहतो. म्हणून श्वास मोजावे लागतात आणि पेशंट हाकेला ओ देतो का, तेही पाहावं लागतं: पहिले 12 तास दर तासाला, पुढचे 12 तास दर दोन तासांनी.

मॉर्फिन टाळायलाच हवं असं नाही. डोस कमी ठेवून आणि वर झोपेची गोळी न देता बहुतेकांचं निभावतं. पण त्यासाठी आजार आधी कळायला हवा. टोरांटोत तयार झालेली स्टॉप-बँग ही आठ प्रश्नांची यादी त्यासाठी वापरतात: घोरणं, दिवसा थकवा, मानेचा घेर वगैरे. घोरण्याचा प्रश्न पेशंटला विचारण्यात अर्थ नाही, तो बायकोला विचारावा.

आणि घरी सीपॅप मशीन (झोपेत हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारं) असेल तर ते दवाखान्याच्या बॅगेत टाका. "दोन रात्रींसाठी कशाला" म्हणून ते हमखास घरी राहतं.