डिस्क प्लेअर-टीव्ही एचडीएमआय जोडणी

डीव्हीडी किंवा ब्लू-रे प्लेअरमधील चित्र आणि आवाज एकाच केबलमधून डिजिटल रूपात टीव्हीकडे नेणारी जोडणी. एचडीएमआयचे पहिले मानक डिसेंबर २००२ मध्ये आले. त्याआधी पिवळी पिन चित्रासाठी आणि लाल-पांढरी आवाजासाठी, अशी तीन तोंडांची केबल घरोघरी होती.

साध्या एचडीएमआय प्लगमध्ये १९ संपर्क असतात. केबल जोडली की प्लेअर १८व्या संपर्कातून ५ व्होल्ट पाठवतो, टीव्ही १९व्यातून हजेरी देतो आणि स्वतःला कोणते रिझोल्यूशन, कोणता आवाज चालतो याची यादी प्लेअरला कळवतो. त्यानंतर नकलविरोधी कुलपाची, म्हणजे एचडीसीपीची, पडताळणी होते. काळा पडदा दिसला की लोक आधी केबल बदलतात, पण घोटाळा बऱ्याचदा दोन उपकरणांच्या या बोलण्यातच झालेला असतो. अशा वेळी दोन्ही उपकरणांचे विजेचे प्लग मिनिटभर काढून ठेवावेत. मग आधी टीव्ही लावावा, रिमोटवरील सोर्स किंवा इनपुट बटणाने केबल ज्या खाचेत आहे तोच क्रमांक निवडावा आणि शेवटी प्लेअर चालू करावा.

केबल जोडताना दोन्ही उपकरणांचे प्लग भिंतीतून काढलेले असावेत. पुण्यातील पेठांमधल्या जुन्या वाड्यांत आणि इमारतींत अर्थिंग नसणे किंवा सैल असणे नवीन नाही. तिथे प्लेअरच्या पत्र्याला हात लावला तर झिणझिण्या येतात, आणि तोच गळका विद्युतदाब चालू टीव्हीत केबल खुपसताना पोर्टमधून जाऊन आतली चिप जाळू शकतो. वळवाच्या विजा कडाडू लागल्या की नुसते स्विच बंद करून भागत नाही. प्लगबरोबर डिशची वायरही काढावी, कारण तिच्यातून आलेला झटका टीव्हीमार्गे एचडीएमआयने प्लेअरपर्यंत पोहोचतो.

एचडीएमआय प्लगची रुंद बाजू खाचेच्या रुंद बाजूशी जुळवून तो सरळ आत दाबावा, हलवून बसवू नये. या प्लगला कुलूप नसते, त्यामुळे जड केबल लोंबकळत राहिली की तो हळूहळू बाहेर सरकतो. दीड ते दोन मीटर लांबी घरात पुरते. पुण्यातील इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाजारात, तापकीर गल्लीत, केबल घेताना सोनेरी मुलाम्यासाठी जादा पैसे मोजू नयेत: डिजिटल संकेत नीट पोहोचला तर चित्र तेच, कमकुवत झाला तर पांढरे ठिपके चमकतात किंवा चित्र तुटते. महाग केबलने रंग खुलत नाहीत. फोरके डिस्कसाठी मात्र १८ गिगाबिट प्रतिसेकंद क्षमतेची केबल घ्यावी आणि टीव्हीच्या मेनूत त्या पोर्टसाठी वाढीव सिग्नलचा पर्याय असल्यास तो चालू करावा.

चित्र येते पण आवाज नाही, ही तक्रार वारंवार येते. प्लेअर ‘बिटस्ट्रीम’वर असेल तर डीटीएससारख्या सराउंड प्रकारातला आवाज तो न उलगडता पाठवतो, आणि पुष्कळ टीव्हींना तो उलगडता येत नाही. ऑडिओ सेटिंग ‘पीसीएम’ (प्लेअरनेच उलगडलेला आवाज) केले की आवाज येतो. चित्राच्या कडा कापल्या जात असतील तर टीव्हीत ‘जस्ट स्कॅन’ किंवा तत्सम नावाचा पर्याय निवडावा.

जुन्या ट्यूब टीव्हीला एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्या टोकाला तीन पिना असलेली साधी वायर चालत नाही. डिजिटल संकेत अॅनलॉग करणारा, यूएसबीवर चालणारा कन्व्हर्टर लागतो. डीव्हीडी प्लेअरला स्वतःच्या तीन पिना असतील तर त्याच वापराव्यात.

घरातल्या मराठी नाटकांच्या व्हीसीडी ४३ इंची पडद्यावर धूसर दिसतात, त्यात केबलचा दोष नाही. व्हीसीडीवर मुळात ३५२ × २८८ एवढेच बिंदू असतात. पाल (भारतातील टीव्ही पद्धत) डीव्हीडीवर ७२० × ५७६, ब्लू-रेवर १९२० × १०८०. शिवाय व्हीसीडीचे चित्र ४:३ आकाराचे असते. टीव्ही ते १६:९ मध्ये ताणतो आणि नट बुटके, रुंद दिसतात. मेनूत ४:३ निवडले की दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात, पण चेहरे मूळ प्रमाणात दिसतात. काही ब्लू-रे प्लेअर व्हीसीडी वाचतच नाहीत, त्यामुळे असा संग्रह असणाऱ्यांनी चालू स्थितीतला डीव्हीडी प्लेअर मोडीत काढू नये.