त्या एका अक्षराच्या पलीकडे

नागपूरच्या मेडिकल कॉलेजमध्ये सिकलसेल, म्हणजे लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार, फारसा समजावून सांगावा लागत नाही. लोक थेट विचारतात, “एसएस की एएस?” आई-वडील दोघांकडून सिकलचे जनुक आले तर एसएस, म्हणजे रुग्ण, एकाकडूनच आले तर एएस, म्हणजे वाहक. मध्य भारतात हा दोष असल्याचे शुक्ला आणि सोळंकी यांनी 1958 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात नोंदवले. त्याच सुमारास केंब्रिजमध्ये व्हर्नन इनग्राम यांनी हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन हे दुसरे अमिनो आम्ल असल्याचे दाखवले. डीएनएत अवघा एका अक्षराचा बदल, ‘ए’च्या जागी ‘टी’.

निदानापुरते एवढे पुरेसे आहे. सोल्युबिलिटी ही साधी रक्तचाचणी आणि हिमोग्लोबिनचे प्रकार विजेने वेगळे करणारे इलेक्ट्रोफोरेसिस यांनी काम भागते. पण सख्खी भावंडे, दोघेही एसएस. एकाला वारंवार रक्त चढवावे लागते आणि दुसरा मैदानावर खेळतो. असे का, हे ते एक अक्षर सांगत नाही. त्यासाठी बाकीचा जीनोमही, म्हणजे माणसाचा सगळा डीएनए, वाचावा लागतो.

डीएनए वाचण्याच्या 1977 च्या सँगर पद्धतीने एकेक तुकडा वाचत मानवी जीनोम प्रकल्पाला 1990 ते 2003 अशी 13 वर्षे लागली. 2005 नंतर चित्र पालटले. चेन्नईत जन्मलेले शंकर बालसुब्रमण्यन आणि डेव्हिड क्लेनरमन यांच्या पद्धतीत डीएनएचे कोट्यवधी तुकडे काचेवर चिकटतात, नवे अक्षर जोडले की रंगीत प्रकाश चमकतो, कॅमेरा तो टिपतो आणि संगणक सगळे तुकडे जुळवतो. अशाच वाचलेल्या जीनोमांवरून 2018 मध्ये एका अभ्यासाने निष्कर्ष काढला, की सिकलचा बदल सुमारे 7,300 वर्षांपूर्वी एकदाच घडला. त्याआधी तो वेगवेगळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे घडल्याचे मानले जाई.

एखादे जनुक किती जोरात चालू आहे हे आरएनए, म्हणजे जनुकाची पेशीत तयार होणारी नक्कल, सांगतो. आरएनएचे असे घाऊक वाचन 2008 मध्ये रूढ होऊ लागले. त्याच वर्षी बीसीएल11ए हे जनुक गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन दाबून ठेवते, हे स्पष्ट झाले. ते हिमोग्लोबिन जास्त राहिले तर सिकलचा त्रास कमी होतो. 2023 च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळालेला जनुक-संपादनाचा उपचार याच कळीवर बोट ठेवतो. जनुक कापणारी ही कात्री भलतीकडे चालली नाही ना, हे पाहायलाही सीक्वेन्सिंगच, म्हणजे डीएनएचे वाचनच, लागते.

भारतीय रुग्णांत गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन तुलनेने जास्त, म्हणून आपल्याकडचा आजार सौम्य, असे बराच काळ समजले जाई. नागपुरात जन्मतःच तपासलेल्या मुलांच्या पाठपुराव्याने त्या समजाला धक्का दिला. अनेकांचा आजार तीव्र निघाला. जीनोमइंडिया प्रकल्पात देशभरातले 10,000 जीनोम वाचून झाले आहेत, पण ती निरोगी माणसांची पायाभूत नोंद आहे. विदर्भातल्या एसएस मुलांचे जीनोम मोठ्या संख्येने वाचले जावेत, असे मला मनापासून वाटते. हायड्रॉक्सियुरिया हे सिकलसेलवरचे औषध कुणाला चांगले लागू पडेल, हे कॅप्सूल सुरू करण्याआधीच कळायला हवे.