धडा पाठ आहे की वाचता येतं?

"आमनी पोर फडफड वाचस," साक्री तालुक्यातल्या एका बापाने कौतुकाने सांगितलं. तिसरीतल्या लेकीने पुस्तक उघडून धडा एका दमात म्हणून दाखवला. बोट मात्र एक ओळ मागेच रेंगाळत होतं. मी मधल्या एका शब्दावर बोट ठेवलं, "हे काय गं?" तिने पुन्हा धड्याच्या पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.

तिला धडा पाठ होता, वाचता येत नव्हतं.

पाठांतराला मी हलकं म्हणणार नाही. आसोद्याच्या बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती, तरी त्यांच्या तोंडी ओव्यांचं भांडार होतं. पण त्या आपल्यापर्यंत आल्या, कारण त्यांचे पुत्र सोपानदेवांनी त्या कागदावर उतरवल्या. पाठ असलेलं मूल ऐकलं तेवढंच म्हणू शकतं. वाचणारं मूल कधी न पाहिलेला शब्दही सोडवतं. एसटीच्या पाटीवरचं 'पिंपळनेर' बघून 'पि... पिं... पिंप' करत, वेलांटी-अनुस्वाराशी झटत ते शेवटपर्यंत पोचतं. म्हणून अडखळणाऱ्या मुलावर रागावू नका, ते खरोखर वाचतंय. तपासायचं ते सुसाट म्हणणाऱ्याला. पान झाकून एकच शब्द उघडा ठेवा, किंवा 'मगर' उलटा लिहून 'रगम' वाचायला द्या. पाठांतर तिथे थांबतं.

वाचलेलं समजणं ही आणखी पुढची पायरी. घरी अहिराणी किंवा पावरी बोलणाऱ्या पोराला पुस्तकी मराठी आधी कानाने ओळखीची व्हावी लागते. शिक्षण शक्यतो मातृभाषेतून द्यावं, असं शिक्षण हक्क कायदाही सांगतो.

हा फरक मला मुलाच्या हक्काचा प्रश्न वाटतो, कारण तो फरक पकडणारं माणूस प्रत्येक घरात नसतं. आई शिकलेली असेल तर संध्याकाळी दोन मिनिटांत तिच्या लक्षात येतं. धडगाव-अक्कलकुव्याकडून दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या आईबापांनी हे कसं ओळखावं? त्यांचं मूल हजेरीपटावर असतं, वरच्या वर्गात जातं, आणि पाचवी-सहावीत गणिताचं उदाहरणच वाचता येत नाही म्हणून मागे पडतं. लोक म्हणतात, पोराला डोकंच नाही. मला याची फार चीड येते.

२००२च्या ८६व्या घटनादुरुस्तीने शिक्षणाला मूलभूत हक्क ठरवणारं कलम २१अ आलं. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क मिळाला. आपण मात्र पटावरचं नाव म्हणजेच तो हक्क, असं धरून बसलो. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाने समजून वाचावं, हे २०२१ साली सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या 'निपुण भारत' मोहिमेचं लक्ष्य आहे.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. पुढच्या बैठकीत विचारा: तिसरीतल्या किती मुलांना पुस्तकाबाहेरचा, आधी न पाहिलेला उतारा वाचता येतो? आणि उत्तर समोर, मुलांना वाचायला लावूनच घ्या.